डोंबिवली स्टेशनवर सुचलेलं गणित: कोण होते कापरेकर मास्तर?

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ चा, डहाणूचा. १९३० ते १९६२ ते देवळालीत शाळामास्तर होते.

१५ च्या मधे ६ घातला की १६५. आणखी ६ घालत गेलं की १६६५, १६६६५. ही १५ ला ११, १११, ११११ ने गुणल्याची उत्तरं. कडेच्या अंकांची बेरीज मधल्या अंकाएवढीच! ही कल्पना त्यांना डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली स्टेशनवर सुचली. म्हणून या 'डेम्लो संख्या'.

पदव्युत्तर शिक्षण नसलेल्या या मास्तरांना इथल्या अनेक गणितज्ञांनी गांभीर्याने घेतलं नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाने दखल घेतली. मास्तर निवृत्त होऊन तोवर १३ वर्षं झाली होती. १९८६ मध्ये ते गेले. ६१७४ ही संख्या आज 'कापरेकर स्थिरांक' म्हणून ओळखली जाते.