जाळीआडची ज्योत

गेल्या सेमिस्टरला सेमिनारचे विषय वाटले गेले. कुणाला फ्युएल सेल मिळाला, कुणाला नॅनोट्यूब, आणि माझ्या वाट्याला आली सिगारेट! म्हणजे आपोआप विझणारी सिगारेट. केमिकलच्या थर्ड इयरच्या वर्गात एका मुलीला हा विषय मिळाल्यावर जो हशा पिकला, तो तुम्ही समजू शकता. पण विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पेटती सिगारेट हातात असताना झोप लागणं, ती गादीवर पडणं, आणि तासाभराने घर धुराने भरणं, अशा आगींत जगभर हजारो माणसं गेली आहेत. त्यातली कितीतरी तर सिगारेट न ओढणारी.

यावर उपाय शोधायला अमेरिकेत 1984 साली कायदा करून अभ्यासगट नेमला गेला. 1987 च्या अहवालात त्याने सांगितलं की, हे जमण्यासारखं आहे. तंबाखू कमी घट्ट भरा, सिगारेट बारीक करा, कागद कमी सच्छिद्र करा, कागद जळत राहावा म्हणून त्यात घातलेले सायट्रेट क्षार काढून टाका. शेवटी चाललं ते आणखी सोपं तंत्र. कागदावर ठराविक अंतराने दोन-तीन जाडसर पट्टे. रस्त्यावरचे स्पीडब्रेकरच म्हणा ना! निखारा पट्ट्याशी पोचला आणि कुणी झुरका घेतला नाही, तर कागदातून पुरेसा ऑक्सिजन आत येत नाही आणि निखारा विझतो. फिल्टर पेपरच्या दहा थरांवर चाळीस सिगारेटी जळत ठेवायच्या. त्यातल्या दहापेक्षा जास्त शेवटपर्यंत जळता कामा नयेत, ही परीक्षा. न्यूयॉर्क राज्याने 2004 मध्ये ती सक्तीची केली, युरोपीय संघात 2011 मध्ये आली. (यामुळे सिगारेट तब्येतीला चांगली होते, असं कृपया कुणी समजू नये. आणि पट्टा असला तरी गादी पेटणारच नाही, याचीही हमी नाही!)

हे सगळं वाचताना मला सारखा एक माणूस आठवत होता, ज्याने दोनशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न वेगळ्या जागी सोडवला होता. आग तर हवी, पण ती पसरायला नको. त्याचं नाव सर हम्फ्री डेव्ही. आपण त्याला बारावीच्या पुस्तकात सोडियम-पोटॅशियमपुरता भेटतो आणि पेपर संपला की विसरतो. त्याची पुरी गोष्ट मात्र आपल्यासारख्या होऊ घातलेल्या इंजिनिअरांनी वाचावी अशी आहे.

डेव्हीचा जन्म 17 डिसेंबर 1778 चा. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉलमध्ये पेन्झन्स नावाचं बंदराचं गाव आहे, तिथला. वडील लाकडावर कोरीवकाम करायचे. ते 1794 साली वारले, मागे कर्ज ठेवून. पाच भावंडांत हा थोरला. आईने बायकांच्या टोप्यांचं दुकान चालवून घर सावरलं आणि हम्फ्रीला गावातल्या एका डॉक्टरकडे शिकाऊ म्हणून ठेवलं. कॉलेजचं तोंड त्याने कधीच पाहिलं नाही. लाव्हाझिएचं रसायनशास्त्राचं पुस्तक हाती पडलं, आणि औषधाच्या बाटल्या-बरण्यांवरच त्याचे प्रयोग सुरू झाले.

1798 मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तो ब्रिस्टलच्या एका संस्थेत लागला. वायू हुंगवून रोग बरे होतात का, हे तिथे पाहिलं जाई. आणि वायू आधी कोण हुंगणार? डेव्ही स्वतः! कार्बन मोनॉक्साइड मिसळलेला वायू ओढून तर तो मरता मरता वाचला. नायट्रस ऑक्साइड, म्हणजे हसवणारा वायू, त्याने मनसोक्त हुंगला, मित्रांनाही हुंगवला. 1800 सालच्या पुस्तकात त्याने लिहून ठेवलं की, या वायूने वेदना कमी होतात, तो शस्त्रक्रियेत वापरता येईल. पण जगाने तिकडे लक्ष दिलं ते चाळीसेक वर्षांनी. तोवर माणसं शुद्धीत असतानाच कापली जात राहिली. नुसता शोध लागून भागत नाही, कुणीतरी तो पुढे न्यावा लागतो, हे इथेच पहिल्यांदा दिसतं.

1801 मध्ये तो लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आला आणि बघता बघता शहराचा हिरो झाला. देखणा, बोलण्यात तरबेज. त्याच्या व्याख्यानांना एवढी गर्दी व्हायची की बाहेर घोडागाड्यांचा ट्रॅफिक जॅम! 1807 मध्ये त्याने वितळलेल्या पोटॅशमधून वीज सोडून पोटॅशियम वेगळं केलं, पाठोपाठ सोडियम. पुढच्या वर्षी कॅल्शियम, बेरियम, स्ट्राँशियम, मॅग्नेशियम. 1812 साली तो सर झाला आणि तीन दिवसांनी एका श्रीमंत विधवेशी त्याचं लग्न झालं. पेन्झन्सच्या सुताराच्या पोराने तिशी ओलांडता ओलांडता सगळं मिळवलं होतं.

त्याच 1812 च्या मे महिन्यात इंग्लंडच्या ईशान्येला फेलिंग नावाच्या कोळसा खाणीत स्फोट झाला. 92 जण गेले, त्यात कितीतरी कोवळी पोरं. कारण नेहमीचंच. कोळशाच्या थरांतून मिथेन सुटतो. हवेत तो साधारण 5 ते 15 टक्के झाला की ठिणगी पुरते. आणि खाणीत उजेड कशाचा, तर उघड्या मेणबत्त्यांचा! चकमकीवर पोलादी चाक फिरवून ठिणग्यांच्या उजेडात काम करायचाही प्रकार होता, पण त्यानेही स्फोट झाले होते. सिगारेट ओढणाऱ्याला निदान ती सोडता तरी येते. खाणीत उतरणाऱ्याला दिवा सोडून कसं चालेल?

तिथल्या काही पाद्री-डॉक्टर मंडळींनी अपघात टाळण्यासाठी संस्था काढली आणि डेव्हीला साकडं घातलं. तो तेव्हा युरोपच्या दौऱ्यावर होता. परतल्यावर, ऑगस्ट 1815 मध्ये, तो न्यूकॅसलला गेला, खाणवाल्यांशी बोलला, वायूचे नमुने लंडनला मागवून घेतले आणि कामाला लागला.

आता मजा बघा. डेव्हीने दिव्यापासून सुरुवात केली नाही, वायूपासून केली. किती प्रमाणात तो पेटतो, किती तापमानाला पेटतो, ज्योत कुठून जाते आणि कुठून जात नाही, हे आधी तपासलं. त्यात सापडलं की धातूच्या बारीक नळीतून स्फोटाची ज्योत पार होत नाही. नळीची भिंत तिची उष्णता ओढून घेते आणि पलीकडचा वायू पेटण्याइतका तापतच नाही. मग नळी आखूड करत करत नेली तर काय उरतं? नुसतं भोक. आणि अशी शेकडो भोकं शेजारी शेजारी म्हणजे तारेची जाळी! एका इंचात 28 तारा, म्हणजे एका चौरस इंचात 784 भोकं. ज्योतीभोवती जाळीची नळी, झाला दिवा. जानेवारी 1816 मध्ये हेबर्नच्या खाणीत तो प्रत्यक्ष उतरवला गेला.

फायर सेफ्टीच्या तासाला आपण आगीचा त्रिकोण काढतो: इंधन, ऑक्सिजन, उष्णता. सिगारेटच्या पट्ट्याने ऑक्सिजनची बाजू तोडली, डेव्हीच्या जाळीने उष्णतेची. आज केमिकल प्लँटमध्ये टाक्यांच्या व्हेंटवर जे फ्लेम अरेस्टर बसवतात, ते या जाळीचीच नातवंडं.

शिवाय हा दिवा बोलायचा. मिथेन असला की ज्योतीवर फिकट निळी टोपी चढायची, ऑक्सिजन कमी असला की ज्योत विझायची. माझ्या रूममेटचे आजोबा वणीकडच्या एका खाणीत माइनिंग सरदार होते. वात अगदी बारीक करून दिवा हळूहळू छताकडे न्यायचा, कारण मिथेन हलका म्हणून वर साठतो, आणि टोपी दिसली की तितक्याच हळू खाली आणायचा, असं ते सांगतात. उजेडाला विजेचे दिवे आले तरी वायू तपासायला आपल्याकडच्या खाणींत हा दिवा अनेक दशकं टिकून होता.

डेव्हीने पेटंट घेतलं नाही. घेतलं असतं तर गडगंज पैसा आला असता. माणसांचे जीव वाचवणाऱ्या वस्तूवर त्याला कमाई नको होती. इथपर्यंत गोष्ट अगदी शाळेतल्या धड्यासारखी आहे ना? पण पुढेही ऐका.

त्याच 1815 च्या ऑक्टोबरमध्ये किलिंगवर्थच्या खाणीत एक मेकॅनिक स्वतः बनवलेला सुरक्षा दिवा घेऊन वायूच्या झोतासमोर उभा राहिला होता. जॉर्ज स्टीफन्सन! होय, पुढे रेल्वेवाला म्हणून गाजला तोच. अठराव्या वर्षापर्यंत त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याच्या दिव्याला काच होती आणि हवा आत यायला बारीक भोकं. थिअरी त्याला मांडता येत नव्हती, पण दिवा चालत होता. खाणमालकांनी डेव्हीला सुमारे दोन हजार पौंडांची चांदीची भांडी दिली आणि स्टीफन्सनला शंभर गिनी. तेव्हा स्टीफन्सनच्या गावची माणसं खवळली आणि त्यांनी वर्गणी काढून त्याला हजार पौंड दिले. डेव्हीला मात्र हा खाणीतला अडाणी माणूस असा शोध लावूच कसा शकतो, हेच पटेना. त्याने कल्पना चोरल्याचं तो शेवटपर्यंत धरून बसला. आज बहुतेक अभ्यासक मानतात की दोघेही आपापल्या वाटेने तिथे पोचले.

मला इथे खूप वाईट वाटलं. डेव्ही स्वतः कोण होता? कॉलेज न पाहिलेला, कर्जबाजारी घरातला पोरगा. त्यानेच वर पोचल्यावर मागून येणाऱ्याला दार लावलं. पुढे तेच फॅरडेच्या बाबतीत. 1813 मध्ये लोहाराच्या या मुलाला डेव्हीनेच असिस्टंट म्हणून घेतलं, आणि 1824 मध्ये रॉयल सोसायटीत त्याची निवड व्हायची तेव्हा अध्यक्षपदी बसलेल्या डेव्हीनेच विरोध केला.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. व्हायव्हात मी अर्धवट उत्तर झोकात इंग्रजीत देते आणि सुटते. शेजारची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली मुलगी, जिने वर्कशॉपमध्ये आख्खा जॉब स्वतः केलेला असतो, ती शब्द शोधत अडखळते आणि तिचे मार्क जातात. आपल्या कॅम्पसवर असे किती स्टीफन्सन असतील? भाषेचा झोक आणि हाताची अक्कल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे 1815 मध्ये लंडनला कळलं नाही. आपल्याला तरी कळलंय का?

आणि दिव्याचं पुढे काय झालं? 1835 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीने हिशेब मांडला. डरहम आणि नॉर्थम्बरलँड या दोन परगण्यांत दिवा येण्याआधीच्या 18 वर्षांत खाणींत 447 माणसं मेली होती. दिवा आल्यानंतरच्या 18 वर्षांत 538. वाढली! कोळसाही जास्त निघू लागला होता, हे खरं. पण वायूमुळे सोडून दिलेले थर मालकांनी दिवा आहे म्हणून पुन्हा उघडले, हेही खरं. जाळीमुळे उजेड मंद पडायचा, म्हणून मजूर जाळी काढायचे. कारण मजुरी टनावर, अंधारावर नाही. जाळी गंजायची, फाटायची, आणि जोराच्या वाऱ्यात ज्योत तिच्यातून बाहेरही पडायची. दिव्यावर विसंबून हवा खेळती ठेवायचा खर्च वाचवला गेला, तर दिवा बिचारा काय करणार?

डेव्हीच्या आणखी एका कामात असंच झालं. जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा समुद्रात झिजतो, म्हणून त्याने 1824 च्या सुमारास त्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले. तांबं झिजायचं थांबलं. प्रयोग शंभर टक्के यशस्वी! पण विरघळणाऱ्या तांब्यामुळेच तळाला शिंपले आणि शेवाळ चिकटत नव्हतं. आता ते भराभर चिकटलं, जहाजं मंदावली आणि नौदलाने ते तुकडे काढून टाकले. आज पाइपलाइन वाचवायला हीच कॅथोडिक प्रोटेक्शनची पद्धत जगभर वापरतात. तत्त्व बरोबर होतं, पण पत्र्यापलीकडचा समुद्र हिशेबात धरायचा राहून गेला.

शेवटची वर्षं आजारपणात गेली. पक्षाघाताचा झटका आला, अध्यक्षपद सुटलं, हवापालटासाठी तो युरोपभर फिरत राहिला. 29 मे 1829 रोजी जिनिव्हात, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी, तो गेला. तिथेच त्याला पुरलं. खाणमालकांनी दिलेली चांदीची भांडी पुढे विकली गेली. त्या पैशातून रॉयल सोसायटी 1877 पासून रसायनशास्त्रासाठी डेव्ही पदक देते.

मित्रांनो, डेव्ही देव नव्हता. तो हुशार होता, उदार होता आणि मत्सरीही होता. त्याचा दिवाही तसाच, अचूक आणि अपुरा. उद्या आपल्यातलं कुणी कारखान्यात सेफ्टीचं एखादं यंत्र बसवेल, तेव्हा जाळीला किती भोकं हवीत याचं गणित आपल्याला येईलच. पण ते वापरणाऱ्याची मजुरी कशावर ठरते, त्याला त्यातून दिसतं किती, आणि ते बसल्यावर मालक काय काय वाचवायला बघणार आहे, हे तीन प्रश्न त्या गणिताच्या शेजारीच लिहून ठेवू या. उत्तरं बहुधा खाली खाणीत उभ्या असलेल्या माणसाकडेच असतात. तो कोणत्या भाषेत बोलतो, याकडे तेवढं लक्ष न देता त्याचं ऐकून घ्यायला हवं.