रावबहादूर सीताराम केशव बोले

दादर येथे सिद्धिविनायक मंदिरावरून जाणाऱ्या रस्त्यास रावबहादूर बोले यांचे नाव आहे. आपल्या तरुण ज्ञातिबांधवांपैकी अनेकांस ते पत्त्यापुरतेच ठाऊक असते, म्हणून आम्ही हे अल्पचरित्र सादर करीत आहो.

बोले हे आपल्या भंडारी ज्ञातीचे अग्रणी. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांच्या अभिनंदनाच्या सभेचे अध्यक्ष बोले हेच होते. १९०९ साली निघालेल्या कामगार हितवर्धक सभेच्या संस्थापकांतही ते होते. परंतु त्यांचे खरे कार्य पुढेच आहे.

दिनांक ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात त्यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांस मोकळे असावेत, असा तो ठराव होता. ज्ञातीचा पुढारी ज्ञातीपुरत्या सवलती मागतो, हा नेहमीचा अनुभव. बोल्यांनी मागितले ते दुसऱ्यांसाठी, आणि तेही आपल्याच मतदारांपैकी कित्येकांस रुचणार नाही हे जाणून. आपल्या वाडीवरची विहीर केव्हा खुली झाली, हे वाचकांनी घरच्या वडीलधाऱ्यांस अवश्य विचारावे.

सरकारने सप्टेंबरात तसा हुकूम काढला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ च्या प्रारंभी चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. कागदावर सर्व झाले. घागर मात्र कोणाची भरली नाही. तेव्हा ५ ऑगस्ट १९२६ रोजी बोल्यांनी दुसरा ठराव आणला, की ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे हा निर्णय अमलात आणणार नाहीत, त्यांचे सरकारी अनुदान बंद करावे. भूतदयेच्या व्याख्यानांनी जे हलत नाही, ते तिजोरीस हात लागताच हलते, ही व्यवहारदृष्टी आम्हांस त्यांच्या ठिकाणी विशेष वाटते.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो अनुयायांसह चवदार तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्याच दिवशी त्या निःशस्त्र लोकांवर लाठ्या चालल्या. पुढे नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला, तोही ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोल्यांच्या ठरावास बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी! प्रकरण न्यायालयात गेले आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. मूळ ठरावास तोवर साडेतेरा वर्षे लोटली होती. तो निकाल पाहण्यास बोले हयात होते. १९६१ साली ते निवर्तले.