आबे फारिया

जोझे कुस्तोदियो दे फारिया ऊर्फ आबे फारिया (३१ मे १७५६, कांदोळी, गोवा – २० सप्टेंबर १८१९, पॅरिस) हे गोमंतकीय ख्रिस्ती धर्मगुरू आणि संमोहनविद्येचे आद्य अभ्यासक होते. संमोहित व्यक्तीला येणाऱ्या निद्रेचे कारण प्रयोगकर्त्याच्या अंगच्या कोणत्याही गूढ शक्तीत नसून त्या व्यक्तीच्या स्वतःच्या मनात असते, हा सिद्धांत त्यांनी मांडला आणि पॅरिसमध्ये जाहीर प्रयोगांद्वारे लोकांसमोर ठेवला. 'आबे' ही फ्रेंच भाषेतील पाद्र्यांची पदवी होय. ते त्यांचे नाव नव्हे.

पूर्वायुष्य

फारिया घराणे मूळचे बारदेशातील कोलवाळचे. सोळाव्या शतकात धर्मांतरित झालेल्या अंतू शेणवी या सारस्वत ब्राह्मणापासून या घराण्याची परंपरा सांगितली जाते. वडील कायतान व्हितोरिनो आणि आई रोझा मारिया दे सौझा यांचे पटले नाही. धर्मसत्तेच्या संमतीने दोघे विभक्त झाले. वडिलांनी पाद्रीपणाची दीक्षा घेतली आणि आई जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात जोगीण झाली. १७७१ च्या फेब्रुवारीत वडील चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन जहाजावर चढले आणि नोव्हेंबरात लिस्बनला पोहोचले. तेथून रोम. प्रोपागांदा फीदे या विद्यापीठात जोझे कुस्तोदियो यांचे शिक्षण झाले. १७८० मध्ये त्यांना दीक्षा मिळाली व त्याच वर्षी धर्मशास्त्रातील डॉक्टरेटही.

पोर्तुगालला परतल्यावरची एक आख्यायिका गोव्यात आजही घरोघरी सांगतात. राणी पहिली मारिया हिच्यासमोर प्रवचन देण्यास ते व्यासपीठावर उभे राहिले, पण समोरचा दरबार पाहून त्यांची वाचाच बसली. जवळ असलेल्या वडिलांनी हळूच कोकणीत बजावले की ही सारी भाजी आहे, बेलाशक कापून काढ. भीती एकाएकी गेली आणि प्रवचन उत्तम झाले. एका वाक्याने आपल्या मनाची स्थिती अशी पालटावी, याचे कुतूहल त्यांना तेव्हापासून लागले, असे चरित्रकार मानतात. घटना जशीच्या तशी घडली असेल वा नसेल. मात्र फारियांच्या पुढील सिद्धांताचे बीज इतक्या थोडक्यात दुसरीकडे सापडत नाही.

१७८७ मध्ये गोव्यात पोर्तुगीज सत्तेविरुद्धचा पिंटोंचा कट उघडकीस आला. कटातील कित्येकांना देहदंड झाला. लिस्बनमधील फारिया पितापुत्रांवरही संशयाची छाया पडली आणि १७८८ मध्ये जोझे कुस्तोदियो फ्रान्सला निघून गेले. राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९५ च्या ऑक्टोबरात, सत्तारूढ कन्व्हेन्शनविरुद्ध झालेल्या उठावात त्यांनी एका तुकडीचे नेतृत्व केले होते.

मेस्मरचा द्रव आणि चौकशी समिती

फारियांचे कार्य समजण्यास त्याआधीचा वाद ठाऊक असणे आवश्यक आहे. फ्रान्झ मेस्मर या वैद्याने विश्वात एक अदृश्य चुंबकीय द्रव भरलेला असून त्याच्या नियमनाने रोग बरे करता येतात असे प्रतिपादले होते. हे ज्ञान तो सर्वांना देत नसे. त्याच्या मंडळात प्रवेश मिळवून 'रहस्य' जाणण्यासाठी शंभर लुई, म्हणजे त्या काळची भली मोठी रक्कम, मोजावी लागे. १७८४ मध्ये राजा सोळावा लुई याने नेमलेल्या समितीत बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए हे सदस्य होते. समितीने साधी पण निर्णायक युक्ती योजली. रुग्णांचे डोळे बांधून, कधी चुंबकत्व दिल्याचे खोटेच सांगून, तर कधी नकळत देऊन परिणाम पाहिले. झटके येत ते समजुतीप्रमाणे. प्रत्यक्ष चुंबकत्वाशी त्यांचा मेळ बसेना. द्रव नाही, हा सारा कल्पनेचा परिणाम आहे, असा अहवाल समितीने छापून प्रसिद्ध केला. प्रयोगाधीन व्यक्तीला माहिती न देता घेतलेल्या चाचणीचे हे एक जुने व स्वच्छ उदाहरण आहे.

समितीच्या दृष्टीने प्रकरण तेथे संपले. पण कल्पनेने माणसाला झटके येतात वा वेदना थांबतात, तर ते कसे, हा प्रश्न समितीने विचारलाच नाही. तो फारियांनी विचारला.

पॅरिसमधील प्रयोग

मेस्मरचा शिष्य मार्की द प्युइसेगुर याच्याकडून फारियांनी ही विद्या आत्मसात केली. १८११ मध्ये ते मार्सेय येथे तत्त्वज्ञानाचे अध्यापक झाले, तेथील वैद्यक मंडळाचे सदस्यत्वही त्यांना मिळाले. पुढे नीम येथे बदली झाली. तेथे मन रमले नाही. १८१३ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या रू द क्लिशी रस्त्यावरील ४९ क्रमांकाच्या इमारतीत त्यांनी जाहीर व्याख्याने सुरू केली. प्रवेशमूल्य पाच फ्रँक. दीक्षा नाही, शपथ नाही, गुपित राखण्याचा करार नाही.

त्यांची रीत अगदी साधी होती. ते समोरच्या व्यक्तीला आरामात खुर्चीवर बसवीत, डोळे मिटून झोपेचाच विचार करण्यास सांगत आणि थोड्या वेळाने खणखणीत स्वरात झोपण्याची आज्ञा देत. हातवारे, लोहचुंबक, मंत्रलेल्या पाण्याची पिंपे यांपैकी कशाचीही गरज त्यांना भासत नसे. निद्रिस्त माणसाला साधे पाणी मद्य म्हणून दिले तर नशा चढते, सूचनेने अवयव बधिर होतो, आणि जागे झाल्यावरही आधी दिलेली सूचना पाळली जाते, हे त्यांनी दाखविले. या अवस्थेला त्यांनी 'सुबोध निद्रा' अशा अर्थाचे नाव दिले. प्रत्येकालाच ती येत नाही आणि ज्याला येते तो आपल्या प्रकृतिधर्मामुळे झोपतो, प्रयोगकर्त्याच्या सामर्थ्यामुळे नव्हे, हे ते श्रोत्यांना आवर्जून सांगत. जादूगाराने खेळ चालू असतानाच त्यातील युक्ती उघड करावी, तसाच हा प्रकार होता, आणि त्यातच त्यांचे मोठेपण आहे. कोकणपट्टीत, पेण-रोह्यापासून खाली बारदेशापर्यंत, जत्रेत वारे अंगात येताना पाहिलेल्या वाचकाला यातील मर्म सहज उमगेल: ढोल वाजविणारा एकच असतो, पण वारे सर्वांच्या अंगात येत नाही.

फारियांचे सर्वच विचार टिकले असे नाही. निद्रावशतेचा संबंध त्यांनी रक्ताच्या पातळपणाशी जोडला होता, तो चुकीचा ठरला. पाच हजारांहून अधिक लोकांना आपण निद्रिस्त केले हा आकडाही त्यांच्याच सांगण्यावर अवलंबून आहे. आपल्या शक्तीविषयी फुशारकी मारण्याचा मोह त्यांनाही सुटला नसावा. मेजवानीत चुंबकत्वाने कॅनरी पक्षी मारून दाखवितो असे ते म्हणाले आणि पक्षी मात्र खुशाल राहिला, ही हकिकत शातोब्रियां या लेखकाने आपल्या आठवणींत नोंदविली आहे.

उपहास आणि अखेर

प्रयोग सर्वांसाठी खुले ठेवण्याची किंमत त्यांना मोजावी लागली. एका नटाने प्रयोगात झोपेचे सोंग घेतले आणि ऐन वेळी डोळे उघडून सभेसमोर त्यांची खिल्ली उडविली. १८१६ मध्ये त्यांच्यावरील विडंबननाट्य रंगभूमीवर आले व गाजले. चुंबकत्ववादी त्यांना द्रव नाकारणारा म्हणून दूषण देत, धर्मगुरू सैतानी कृत्य म्हणून, आणि सामान्य प्रेक्षक भोंदू म्हणून. एक लबाडी उघड झाली म्हणजे सर्वच प्रयोग खोटे, असा निष्कर्ष लोकांनी काढला. व्याख्याने ओस पडली. उरलेली वर्षे फारियांनी पॅरिसमधील मुलींच्या एका शाळेत धर्मगुरू म्हणून काढली व आपला ग्रंथ लिहिला. सुबोध निद्रेच्या कारणाविषयीच्या त्या ग्रंथाचा पहिला खंड १८१९ मध्ये निघाला. मुखपृष्ठावर नावापुढे त्यांनी 'ब्राह्मण' असे अभिमानाने छापविले होते. त्याच वर्षी पक्षाघाताने त्यांचे निधन झाले. पुढील खंड निघालेच नाहीत. त्यांची कबर कोठे आहे याची खूण राहिली नाही.

प्रभाव

१८४३ मध्ये जेम्स ब्रेड या स्कॉटिश शल्यवैद्याने 'हिप्नॉटिझम' ही संज्ञा रूढ केली. फ्रान्समधील नान्सी येथील लिएबो व बेर्नहाइम यांनी सूचनेलाच संमोहनाचे मूळ मानले आणि फारियांचे म्हणणे मागाहून खरे ठरले. १९०६ मध्ये डॉ. दालगादो या गोमंतकीय वैद्याने त्यांचे चरित्र प्रसिद्ध करून मूळ ग्रंथही पुन्हा छापविला, तेव्हा कोठे त्यांना न्याय मिळू लागला. प्रयोग इतरांना तपासता यावा हा आग्रह मानसशास्त्रात आजही जुना झालेला नाही: २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सामूहिक प्रकल्पात मानसशास्त्रातील १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले असता, मूळच्या ९७ टक्क्यांच्या तुलनेत केवळ ३६ टक्क्यांत संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय निष्पत्ती आली.

अलेक्झांद्र द्यूमा यांच्या 'द काउंट ऑफ माँटे क्रिस्टो' या कादंबरीतील तुरुंगातला विद्वान पाद्री फारिया हे नाव यांच्यावरूनच आले. कादंबरीकाराने मात्र त्याला इटालियन केले. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी १९४५ मध्ये शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडविलेला फारियांचा पुतळा उभा आहे. त्यात ते एका स्त्रीवर दोन्ही हात पसरून तिला निद्रिस्त करीत आहेत. शिल्प प्रभावी आहे, परंतु हातांच्या ज्या हालचाली अनावश्यक आहेत असे फारिया सांगत राहिले, त्याच त्यांच्या वाट्याला कायमच्या आल्या.