वायफाय घरभर का पोहोचत नाही? हर्ट्झ यांनी १८८८ मध्येच दाखवलं होतं

नवा राउटर आला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ लिहिलंय. हॉलमध्ये स्पीड जबरदस्त, पण आतल्या खोलीत व्हिडीओ नुसता गोल गोल फिरतोय. असं का होतं, याचं उत्तर खोक्यावरच्या त्या शब्दामागे आहे. कारण हर्ट्झ हे एका माणसाचं आडनाव आहे.

हाइनरिश हर्ट्झ यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ चा, जर्मनीतल्या हॅम्बुर्गचा. वडील वकील. हाइनरिशला लहानपणापासून भाषांची आवड आणि सुतारकामातही हात चांगला. आधी इंजिनिअर व्हायचं ठरलं होतं, पण मन भौतिकशास्त्रात रमलं. १८८० मध्ये बर्लिनमध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

विजेच्या लहरी प्रकाशाच्या वेगाने धावतात, असं मॅक्सवेल यांचं गणित सांगत होतं. पण त्या लहरी कुणी पकडून दाखवल्या नव्हत्या. १८७९ मध्ये मॅक्सवेल वारलेही.

१८८५ मध्ये हर्ट्झ कार्ल्सरूह इथे प्राध्यापक झाले आणि तिथेच हे कोडं सुटलं. व्याख्यानाच्या हॉलमध्ये त्यांनी ठिणग्या पाडणारं यंत्र मांडलं. लहर पकडायला तारेची एक साधी कडी, तिच्यात बारीकशी फट. लहर आली की फटीत इवलीशी ठिणगी पडायची. ती दिसावी म्हणून खोलीत अंधार करावा लागायचा.

मग समोरच्या भिंतीवर जस्ताचा मोठा पत्रा लावून ते कडी घेऊन फिरू लागले. काही जागी ठिणगी जोरात, काही जागी जवळपास गायब! पत्र्यावर आपटून परतलेली लहर येणाऱ्या लहरीला कुठे जोर देत होती, तर कुठे पुसून टाकत होती. पुढच्या प्रयोगांत लाकडी दार बंद असूनही ठिणगी पडली. मध्ये धातूचा पत्रा आला की ती थांबायची. माणूस आडवा गेला तरी थांबायची.

१८८९ मध्ये ते बॉनला गेले. १८९२ पासून आजारपण सुरू झालं, शस्त्रक्रिया झाल्या, पण उपयोग झाला नाही. १ जानेवारी १८९४ रोजी, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी ते गेले. मागे पत्नी एलिझाबेथ आणि दोन लहान मुली. बिनतारी संदेशांचं युग त्यांनी पाहिलंच नाही. आज मात्र लहर सेकंदाला किती वेळा कंप पावते, हे त्यांच्याच नावाने मोजलं जातं. ५ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ५०० कोटी वेळा.

राउटर कितीही महाग असला तरी लहरींचे नियम तेच आहेत. ५ गिगाहर्ट्झवर डेटा वेगाने जातो, पण ती लहर भिंतींपुढे लवकर दमते. लांबच्या खोलीत २.४ जास्त कामाला येतं. राउटर लोखंडी कपाटात, फ्रिजमागे किंवा टीव्हीच्या आड ठेवला तर सिग्नल तिथेच अडतो. घराच्या मधोमध, उंचावर आणि मोकळ्या जागी ठेवला तर तो जास्त खोल्यांपर्यंत पोहोचतो.

त्यामुळे आणखी एखादं यंत्र विकत घेण्याआधी हर्ट्झ यांनी केलं तेच करून बघा. ते कडी घेऊन हॉलभर फिरले, तुम्ही फोन घेऊन घरभर फिरा. सिग्नल कुठे मरतो ते कळलं, की राउटर कुठे हलवायचा तेही कळेल.