कार्पल टनेलच्या ऑपरेशनमागचा माणूस: सर जेम्स लिअरमंथ

रात्री झोपेत अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होतात, मुंग्यांनी जाग येते आणि हात झटकला की जरा बरं वाटतं. असं तुमच्या घरात कुणाला होतं का? डॉक्टरकडे गेलात तर बहुतेक एक नाव ऐकायला मिळेल, कार्पल टनेल सिंड्रोम. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, दिवसभर कीबोर्डवर हात असतो, त्यामुळे हे नाव ऑफिसमध्ये सारखं कानावर पडतं. पण यावरचं ऑपरेशन कुणी रुजवलं, हे शोधायला गेलो तेव्हा एक भारी माणूस सापडला. आज त्याचीच गोष्ट सांगतो.

आधी बोगदा समजून घेऊ

मनगटात आठ छोटी हाडं असतात. ती कमानीसारखी रचलेली असतात आणि तळहाताच्या बाजूने त्या कमानीवर एक जाड, चिवट पट्टा ताणलेला असतो. हाडं आणि पट्टा यांच्यामधल्या जागेला म्हणतात कार्पल टनेल. या बोगद्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या, म्हणजे टेंडन्स, जातात आणि त्यांच्यासोबत एक नस जाते, मीडियन नर्व्ह. अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांची जाणीव हीच नस मेंदूपर्यंत पोचवते.

आता आत सूज आली की काय होणार? हाडं सरकत नाहीत, पट्टा ताणत नाही. मग दाब येतो तो नसेवर. सुरुवातीला नुसत्या मुंग्या येतात, पण दाब वर्षानुवर्षं राहिला तर अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा सपाट होत जातो आणि शर्टाचं बटण लावणंही अवघड होतं.

शाळामास्तरांचा मुलगा

जेम्स लिअरमंथ यांचा जन्म १८९५ साली स्कॉटलंडमधल्या गेटहाउस ऑफ फ्लीट या छोट्या गावात झाला. वडील शाळेत शिक्षक होते. जेम्स ग्लासगोला डॉक्टरकी शिकायला गेले आणि तेवढ्यात पहिलं महायुद्ध सुरू झालं. शिक्षण अर्धवट सोडून ते सैन्यात गेले, परत आले आणि १९२१ मध्ये डिग्री घेतली.

पुढे फेलोशिप मिळवून ते अमेरिकेत मेयो क्लिनिकला गेले. १९२५ मध्ये एका अमेरिकन मुलीशी लग्न केलं. १९२८ मध्ये ते पुन्हा मेयोत आले आणि तिथल्या न्यूरोसर्जरी विभागात सुमारे चार वर्षं काम केलं. नसा हाच त्यांचा विषय झाला. १९३२ मध्ये स्कॉटलंडला परतून ते अॅबरडीन विद्यापीठात सर्जरीचे प्रोफेसर झाले. तेव्हा त्यांचं वय चाळिशीच्याही आत होतं.

केबल बदलू नका, क्लॅम्प सैल करा

१९३३ मध्ये लिअरमंथ यांनी एक पेपर छापला. त्यातली कल्पना आपल्या भाषेत सांगायची तर अशी: केबलवर क्लॅम्प घट्ट बसला म्हणून सिग्नल अडत असेल तर केबलला हात लावू नका, क्लॅम्प सैल करा. मनगटाच्या बाबतीत क्लॅम्प म्हणजे तो चिवट पट्टा. त्यांनी तो कापून नसेवरचा दाब काढला.

ही कल्पना एका रात्रीत आकाशातून पडली नव्हती बरं का. १९१३ मध्ये पॅरिसमध्ये पिएर मारी आणि फ्वा या डॉक्टरांनी अंगठ्याचा स्नायू झिजलेल्या एका वृद्धाचं शवविच्छेदन केलं. त्यांना पट्ट्याच्या जवळ नस फुगलेली दिसली. हा पट्टा वेळेत कापला तर झीज टळेल, असं त्यांनी सुचवून ठेवलं होतं. कॅनडातल्या विनिपेगमध्ये हर्बर्ट गॅलोवे यांनी १९२४ मध्ये असं ऑपरेशन केल्याची नोंदही नंतरच्या अभ्यासकांना सापडली. म्हणजे 'पहिला कोण' यावर वाद घालता येईल. पण नसेवरचा दाब काढणं हे उपचाराचं तत्त्व आहे, असं नीट मांडणारे म्हणून लिअरमंथ यांचं नाव घेतलं जातं.

गंमत म्हणजे पुढची काही वर्षं याकडे फार कुणी लक्ष दिलं नाही. अंगठ्याच्या झिजेचं कारण बरेच डॉक्टर मानेजवळ शोधत राहिले. १९५० नंतर अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या जॉर्ज फॅलन यांनी या आजाराबद्दल सातत्याने लिहिलं, १९६६ मध्ये ६५४ हातांचा अनुभव छापला आणि मग हे ऑपरेशन जगभर पोचलं.

कोपराकडे वळलेली नजर

१९३९ मध्ये लिअरमंथ एडिनबरोला आले आणि दुसरं महायुद्ध सुरू झालं. हातापायांच्या नसा तुटलेले, दबलेले सैनिक त्यांच्याकडे येऊ लागले. १९४२ मध्ये त्यांनी दुसऱ्या एका नसेसाठी पद्धत छापली. ही अल्नर नर्व्ह. कोपराच्या आतल्या बाजूला टक्कर लागली की झिणझिणी येते ना, तीच. ती नस कोपराच्या मागून काढून पुढच्या बाजूला, स्नायूंच्या खाली सुरक्षित ठेवायची, अशी ती पद्धत. आजही सर्जन ती त्यांच्याच नावाने ओळखतात.

फोनवाल्यांसाठी हा भाग महत्त्वाचा आहे. कोपर दुमडून तासभर फोन कानाला लावला की ही नस ताणली जाते. म्हणून लक्षात ठेवा: अंगठ्याकडची बोटं बधिर होत असतील तर संशय मनगटावर, करंगळी बधिर होत असेल तर संशय कोपरावर.

राजाचा पाय आणि लपवलेली तलवार

'द किंग्ज स्पीच' सिनेमातला अडखळत बोलणारा राजा आठवतो? सहावा जॉर्ज, आपल्याकडच्या जुन्या नाण्यांवर ज्याचा चेहरा असायचा तोच. १९४८ मध्ये त्याच्या पायांचा रक्तपुरवठा इतका कमी झाला, की उजवा पाय कापावा लागेल अशी भीती होती. लिअरमंथ यांना बोलावलं गेलं. १२ मार्च १९४९ रोजी बकिंगहॅम पॅलेसमध्येच ऑपरेशन थिएटर उभारून त्यांनी शस्त्रक्रिया केली. इथे त्यांनी नस सोडवली नाही, उलट रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या कमरेतल्या नसा मुद्दाम कापल्या. पाय वाचला.

शेवटच्या तपासणीच्या दिवशी राजाने लपवून ठेवलेली तलवार बाहेर काढली, तुम्ही माझ्यावर सुरी चालवलीत, आता माझी पाळी, अशा अर्थाची थट्टा केली आणि तिथेच त्यांना 'सर' केलं!

१९५६ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९६७ मध्ये त्यांचं निधन झालं.

आज हे ऑपरेशन कसं होतं?

बहुतेक वेळा फक्त हात बधिर करतात. तळहातावर छोटा छेद देऊन किंवा दुर्बिणीने तो पट्टा उभा कापतात. पट्टा काढून टाकत नाहीत. दोन्ही कडा थोड्या लांब होऊन भरून येतात आणि बोगदा रुंद होतो. साधारणपणे त्याच दिवशी घरी सोडतात. रात्रीच्या मुंग्या बऱ्याचदा लवकर थांबतात, पण झिजलेला स्नायू भरायला महिने लागतात आणि फार उशीर झाला असेल तर तो पूर्ण भरतही नाही.

प्रत्येकाला ऑपरेशन लागतंच असं नाही. सुरुवातीला रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा, म्हणजे स्प्लिंट, किंवा इंजेक्शन पुरतं. आणि सगळा दोष मोबाईलला देऊ नका. मधुमेह, थायरॉईड, संधिवात, गरोदरपण, जुनं फ्रॅक्चर, जोर लावून किंवा कंपन असलेल्या यंत्रावर केलेलं काम, ही कारणं जास्त ठळक आहेत. कीबोर्डबद्दलच्या अभ्यासांचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत.

मला या गोष्टीतून एकच पटलं. लिअरमंथ यांचा उपाय साधा आहे, पण तो वेळेत झाला तरच पूर्ण कामाचा. आई रात्री उठून हात झटकत असेल, बाबांच्या हातातून कप सुटत असेल, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. कुठली बोटं बधिर होतात ते विचारा आणि डॉक्टरकडे घेऊन जा.