एमिलीने पेललेला पूल

मैत्रिणींनो, घरचा कर्ता माणूस अंथरुणाला खिळला, की शेती असो वा दुकान, बाईच पदर खोचून उभी राहते. सात-बारावर आणि पाटीवर नाव मात्र त्याचंच असतं. अमेरिकेतल्या एमिली वॉरन रोबलिंगच्या वाट्याला तर अख्खा पूल आला!

एमिलीचा जन्म १८४३ चा. १८६५ मध्ये तिचं लग्न इंजिनिअर वॉशिंग्टन रोबलिंगशी झालं. सासरे जॉन रोबलिंग पूल बांधण्यात नावाजलेले. नायगाराच्या खोल दरीवर १८५५ मध्ये त्यांनी तारांनी तोललेला रेल्वेपूल उभारला होता. पुढे त्यांनी न्यूयॉर्क आणि ब्रुकलिन जोडणारा पूल आखला. मधला गाळा तब्बल ४८६ मीटरचा! झुलत्या दोरांच्या जोडीला मनोऱ्यांपासून तिरक्या ताणलेल्या तारा, ही त्यांची खासियत. पण १८६९ मध्ये पाहणी करताना पाय चिरडला, धनुर्वात झाला आणि ते गेले.

धुरा मुलावर आली. मनोऱ्यांच्या पायासाठी नदीच्या तळाशी दाबाची हवा भरलेल्या अवाढव्य लाकडी पेट्या उतरवल्या होत्या. त्यांतून झटकन वर आलं, की रक्तात वायूचे बुडबुडे होत. १८७२ मध्ये या आजाराने वॉशिंग्टन कोसळला.

सुरुवातीला एमिली फक्त त्याचे निरोप कामावर पोचवायची. पण न समजता निरोप किती दिवस सांगणार? तिने तारांचं गणित, मालाची ताकद, ताण-दाब सगळं शिकून घेतलं. दहा वर्षांहून जास्त काळ इंजिनिअर, कंत्राटदार, पुढारी यांच्याशी तीच बोलायची. काहींना तर वाटे, खरी इंजिनिअर हीच! १८८२ मध्ये वॉशिंग्टनला पदावरून काढायचा घाट घातला गेला. एमिलीने त्याची बाजू लावून धरली आणि पद टिकलं.

२४ मे १८८३ ला पूल खुला झाला. त्याआधी घोडागाडीतून तो पहिल्यांदा ओलांडला एमिलीने, विजयाची खूण म्हणून सोबत कोंबडा घेऊन!

पन्नाशी उलटल्यावर, १८९९ मध्ये, तिने न्यूयॉर्क विद्यापीठात कायद्याचा अभ्यासक्रमही पूर्ण केला. विवाहित स्त्रीच्या हक्कांवरच्या तिच्या निबंधाला बक्षीस मिळालं. १९०३ मध्ये ती वारली. सासरे आणि नवऱ्यासोबत तिचंही नाव असलेली पाटी पुलावर लागली ती १९५१ मध्ये, म्हणजे पूल खुला झाल्यावर ६८ वर्षांनी.

आपल्या गल्लीतही अशा एमिली आहेतच की! सात-बारावर, दुकानाच्या पाटीवर त्यांचं नाव लावायला एवढी वर्षं कशाला थांबायचं?