टपालातून भरलेली शाळा

दूरशिक्षण म्हणजे वर्गात जागा न मिळालेल्यांची दुय्यम सोय, हा समज सुशिक्षितांतही आढळतो. आयझॅक पिटमन यांचे चरित्र तो खोडून काढते. १८१३ साली इंग्लंडमधील ट्रोब्रिज येथे जन्मलेल्या पिटमन यांची शाळा लहानपणीच सुटली व ते कापडगिरणीच्या कचेरीत कारकून झाले. पुढे शिक्षकी पत्करली. परंतु धर्ममतांपायी तीही नोकरी गेली. १८३७ मध्ये त्यांनी उच्चारांवर आधारलेली लघुलिपी प्रसिद्ध केली. १८४० मध्ये ब्रिटनमध्ये एका पेनीत पत्र देशभर जाऊ लागले, आणि पिटमन यांनी टपालालाच वर्ग बनविले. विद्यार्थ्यांनी बायबलमधील उतारे लघुलिपीत लिहून धाडावेत, पिटमन यांनी ते तपासून परत करावेत, असा क्रम होता. १८९४ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. १८९७ मध्ये ते निवर्तले.

नाशिकला १९८९ मध्ये मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, ते याच वाटेवरचे. मात्र पुस्तके घरपोच केली की शिक्षण झाले, असे नव्हे. चुका दाखवून परत आलेला कागद हाच पिटमन यांच्या शाळेचा प्राण होता. तो कागद परत येईनासा झाला, तर उरते ते केवळ टपाल.